मेटलवाल्यांनी पंकमध्ये शिरायचं कुठून?

‘पंकचे सर्वोत्तम अल्बम’ अशी कुठलीही यादी उघडा, वरच्या पाच-दहात द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ असतोच. आयर्न मेडन आणि स्लेयर या मेटल बँडवर वाढलेला माणूस तो लावतो. पहिलं गाणं बरं वाटतं. तिसरं, ‘जिमी जॅझ’, सुरू होतं तेच शिट्टीने. झालं. ‘पंक आपल्या कानाचं नाही’ म्हणून गडी परत स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ लावतो तो कायमचा.

अल्बम उत्तमच आहे, पण तो पहिला ऐकायचा अल्बम नाही. या याद्या रॉक ऐकणाऱ्यांनी रॉक ऐकणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. मेटलच्या कानाला १९७६ चं दार अरुंद पडतं, १९८२ चं सताड उघडं आहे. तिथून आत जा, मग उलटं चालत मागे या. खालचा क्रम तसाच लावलाय. मुंबईत मेटलवाले ढिगाने आहेत आणि पंकवाले मोजके, त्यामुळे वाट दाखवणारं कुणी चटकन भेटत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी एवढं जवळ ठेवा

- हेडफोन, दोन्ही कानांत. ‘पुढील स्टेशन’ ऐकू यावं म्हणून लोकलमध्ये एक कान मोकळा ठेवायची सवय असेल, तर पायरी ५ वाचा. तिथे ती सवय एकदा कामी येते, एकदा नडते.
- गाण्यांचे शब्द. मेटलमध्ये शब्दांशिवाय भागतं. इथे अर्धा माल शब्दांत आहे.
- कुठलंही स्ट्रीमिंग ॲप. खालचं बहुतेक सगळं सहज सापडतं. रेकॉर्ड विकत घ्यायची घाई करू नका.
- वेळ फार लागत नाही. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने तास जातो. तेवढ्यात यातले दोन अल्बम होतात, कधीकधी तीन.

१. ओळखीच्या कव्हर्सपासून सुरुवात करा

तुम्ही पंक आधीच ऐकलंय, फक्त ते मेटल बँडच्या नावावर जमा आहे. कव्हर म्हणजे दुसऱ्या बँडचं गाणं आपल्या पद्धतीने वाजवणं. मेटॅलिकाचा १९९८ चा ‘गराज इंक.’ काढा. पहिलंच गाणं, ‘फ्री स्पीच फॉर द डम्ब’, हे डिस्चार्जचं. ‘लास्ट करेस / ग्रीन हेल’ आणि ‘डाय, डाय माय डार्लिंग’ ही मिसफिट्सची. ‘सो व्हॉट’ अँटी-नोव्हेअर लीगचं. स्लेयरचा १९९६ चा ‘अनडिस्प्यूटेड ॲटिट्यूड’ तर जवळजवळ अख्खा हार्डकोर पंकच्या, म्हणजे पंकच्या जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकाराच्या, कव्हर्सचा आहे. ‘द क्रो’ या सिनेमासाठी पँटेराने वाजवलेलं ‘द बॅज’ हे पॉयझन आयडिया या पोर्टलंडच्या बँडचं, त्यांच्या १९९० च्या ‘फील द डार्कनेस’मधलं. मेगाडेथच्या ‘अनार्की इन द यू.के.’मध्ये तर खुद्द सेक्स पिस्टल्सचा स्टीव्ह जोन्स गिटारवर आहे.

यातलं प्रत्येक गाणं आधी मूळ आणि लगेच कव्हर असं जोडीने ऐका. कव्हरमध्ये गिटारचा आवाज जाड होतो, ड्रम स्वच्छ होतात, आणि बहुतेक वेळा गाण्यातला उतावीळपणा थोडा कमी होतो. तुमच्या कानाला मूळ गाणं ‘कच्चं’ वाटतंय की ‘घाईतलं’, ते बघा. घाईतलं वाटत असेल तर पायरी २ ला जा. कच्चं वाटून चिडचिड होत असेल तर थेट पायरी ३ वर उडी मारा आणि नंतर मागे या.

मिसफिट्सबद्दल एक धोक्याची सूचना. ती कवटी छापलेले टी-शर्ट सगळीकडे दिसतात, पण या नावाचे दोन वेगळे काळ आहेत. ग्लेन डँझिग गात होता तो काळ १९८३ ला संपला. नव्वदच्या दशकात दुसऱ्या गायकाबरोबर जो बँड उभा राहिला, तो वेगळाच मामला आहे. तुम्हाला हवाय १९८३ चा ‘अर्थ ए.डी.’. जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे, रेकॉर्डिंग डब्यात केल्यासारखं आहे, आणि थ्रॅश (वेगवान मेटल) ऐकणाऱ्याला तो पहिल्या फटक्यात कळतो. ‘ग्रीन हेल’ यातलंच. त्याच्या आदल्या वर्षीचा ‘वॉक अमंग अस’ जास्त गुणगुणण्यासारखा आहे, तो नंतर.

२. डिस्चार्ज : ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ (१९८२)

एकच अल्बम ऐकणार असाल तर हा ऐका. बँड इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा. १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. मुखपृष्ठ काळं-पांढरं, गाणी युद्धाबद्दल आणि अणुबॉम्बबद्दल, आणि एकेका गाण्यात शब्द इतके कमी की बसच्या तिकिटाच्या मागे लिहून होतील.

पहिल्या ऐकण्यात गिटारकडे लक्षच देऊ नका, ड्रम ऐका. धुम्-टाक्, धुधुम्-टाक्, धुम्-टाक्, धुधुम्-टाक्. स्नेअर (तो ‘टाक्’) आपल्या जागी घट्ट, आणि बास ड्रम (तो ‘धुम्’) तिच्या मागे-पुढे अडखळल्यासारखा पळतोय. या ठेक्याला पुढे डी-बीट असंच नाव पडलं, त्यातला डी म्हणजे डिस्चार्ज. लोकलमध्ये मांडीवर वाजवून बघा. उजव्या हाताने बास, डाव्या हाताने स्नेअर. दहा मिनिटांत जमतं, आणि एकदा जमलं की मोटरहेडपासून स्वीडनच्या डेथ मेटलपर्यंत तो सगळीकडे ऐकू यायला लागतो. सेल्टिक फ्रॉस्ट या मेटल बँडच्या टॉम वॉरियरने डिस्चार्जचं ऋण अनेकदा मान्य केलंय. कान उघडा ठेवला तर ते सांगावंही लागत नाही.

दुसऱ्या ऐकण्यात गिटार ऐका. रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, दोन-तीन सुरांचे आहेत, सोलो आलाच तर तो सोलो म्हणवत नाही, नुसती किंकाळी असते. इथे मेटलवाल्याचा जीव अडकतो, कारण आपल्याला ‘कोण किती भारी वाजवतो’ हे मोजायची खोड असते. ते माप इथे लावू नका. गाण्यातून काय काय काढून टाकलंय ते मोजा. कडवं, इंट्रो, चढ-उतार, सगळं काढून टाकून फक्त धडक ठेवलीय. तीच त्यांची कारागिरी आहे.

सापळा : हेच नाव बघून पुढचा अल्बम लावाल. १९८६ चा ‘ग्रेव्ह न्यू वर्ल्ड’ चुकूनही लावू नका. त्यात या बँडने मेटलकडे जायचा प्रयत्न केला आणि गायक किनऱ्या आवाजात गाऊ लागला. मेटलवाल्यांना आवडेल असं कागदावर वाटतं, पण तो ना मेटलवाल्यांना आवडला ना पंकवाल्यांना.

डिस्चार्ज आवडला पण आवाज आजच्या काळाचा हवा असेल, तर स्वीडनच्या डिसफिअरचा ‘लिव्ह द स्टॉर्म’ (२००८) घ्या. गायक ॲट द गेट्सचा टोमास लिंडबर्ग आहे, म्हणजे आवाजाची ओळख आहेच.

३. क्रॉसओव्हर : जिथे दोघे एका गल्लीत राहतात

१९८३ ते ८७ या काळात अमेरिकेत पंक आणि थ्रॅश एकमेकांच्या गिगला जाऊ लागले. सुरुवातीला मारामाऱ्या झाल्या, मग गाणी झाली.

डी.आर.आय.पासून सुरू करा. यांच्या १९८३ च्या पहिल्या रेकॉर्डवर सुमारे १८ मिनिटांत २२ गाणी आहेत. १९८७ चा ‘क्रॉसओव्हर’ मात्र थ्रॅशच्या मापाचा, लांब गाण्यांचा आहे, आणि त्याचंच नाव या प्रकाराला चिकटलं. दोन्ही एका दिवसात ऐका, म्हणजे चार वर्षांत बँडचा कान कसा वळला ते कळतं.

सुइसायडल टेंडन्सीजचा पहिला अल्बम (१९८३). ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’ या गाण्यात मुलगा आईकडे फक्त एक पेप्सी मागतो आणि घरचे ठरवतात की याचं डोकं फिरलंय. चाळीत किंवा वन-बीएचकेमध्ये मेटल ऐकत वाढलेल्या कुणालाही ते संभाषण नवीन वाटणार नाही. सापळा असा की १९९३ ला बँडने हीच गाणी नव्याने रेकॉर्ड करून ‘स्टिल सायको आफ्टर ऑल दीज इयर्स’ काढला, तेव्हा बासवर पुढे मेटॅलिकात गेलेला रॉबर्ट ट्रुहियो होता. वाजवलंय चोख. पण आधी १९८३ चाच ऐका, गाण्याची भीती त्या रेकॉर्डवर आहे.

क्रो-मॅग्सचा ‘द एज ऑफ क्वारल’ (१९८६). न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाढलेली ही पोरं हरे कृष्ण पंथाकडे वळली होती आणि अल्बमचं नाव त्यांनी कलियुगावरून घेतलंय. गिरगावात हरे कृष्ण मंदिरासमोरून जाताना हे आठवलं की गंमत वाटते. रिफ मात्र भजनाच्या आसपासही जात नाहीत. मिड-टेम्पोला येऊन बँड जेव्हा दाबून वाजवतो, तेव्हा आजच्या निम्म्या मेटलकोरचा उगम कुठला ते समजतं. या पायरीवरचा माझा सगळ्यात आवडता अल्बम हाच.

एस.ओ.डी.चा ‘स्पीक इंग्लिश ऑर डाय’ (१९८५) प्रत्येक यादीत असतो. ॲन्थ्रॅक्सचे स्कॉट इयन आणि चार्ली बेनांते त्यात आहेत, गिटारचा आवाज अजूनही कुणाला तसा जमलेला नाही. पण ‘इंग्रजी बोला नाहीतर मरा’ हा विनोद इंग्रजी मीडियमच्या न्यूनगंडाच्या देशात बसून ऐकताना फारसं हसू येत नाही. रिफसाठी ऐका.

४. हार्डकोर : इथे थोडा मुक्काम करा

तीन बँड, तीन वेगळी कामं.

मायनर थ्रेटसाठी डोकं खाजवायची गरज नाही. ‘कम्प्लीट डिस्कोग्राफी’ (१९८९) नावाच्या एका संग्रहात अख्खा बँड आहे, २६ गाणी, पाऊण तास. ‘स्ट्रेट एज’ हे गाणं ४६ सेकंदांचं आहे आणि दारू-सिगरेट-ड्रग्जला हात न लावणारी एक अख्खी चळवळ त्यावरून उभी राहिली. घरी ‘मेटल ऐकतो म्हणजे व्यसनी असणार’ अशी बोलणी खाणाऱ्यांनी आईवडिलांना हे गाणं जरूर समजावून सांगावं. उपयोग होईलच असं नाही.

ब्लॅक फ्लॅगचे दोन अल्बम लागतात. ‘डॅमेज्ड’ (१९८१) आधी, हेन्री रॉलिन्सच्या आवाजासाठी आणि ग्रेग गिनच्या वाकड्या गिटारसाठी. मग ‘माय वॉर’ (१९८४). याची पहिली बाजू वेगवान आहे. दुसऱ्या बाजूला फक्त तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर आणि मुद्दाम मुंगीच्या गतीने. त्या वेळच्या पंकवाल्यांना वाटलं, हे काय केलं यांनी. तुम्हाला ते लगेच कळेल, कारण तुम्ही ब्लॅक सॅबथ ऐकून आला आहात. स्लज मेटल या संथ, जड प्रकाराची मुळं बरीचशी या तीन गाण्यांत आहेत. डूम, म्हणजे संथ मेटल, ऐकणाऱ्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी, पायरी १ आणि २ नंतर केल्या तरी चालतील.

आणि बॅड ब्रेन्स. वॉशिंग्टन डी.सी.चे हे चार कृष्णवर्णीय तरुण आधी जॅझ-फ्यूजन वाजवायचे, म्हणजे हात तयार होते. मग त्यांनी पंक ऐकलं आणि तोच तयार हात दुप्पट वेगाने वापरला. ‘पंकवाल्यांना वाजवता येत नाही’ असं म्हणणाऱ्या मित्राला १९८२ चा पहिला अल्बम ऐकवा. तो तेव्हा फक्त कॅसेटवर निघाला होता. मध्येमध्ये संथ रेगे गाणी येतात, बँड रास्ताफारी होता. ती गाणी गाळू नका. त्यांच्यानंतर येणारं वेगवान गाणं ज्या जोराने आदळतं, तो जोर त्या थांबण्यातून येतो.

१९८६ चा ‘आय अगेन्स्ट आय’ हा मेटलच्या कानासाठी त्यांचा सर्वात सोपा अल्बम. त्यातलं ‘सेक्रेड लव्ह’ नीट ऐका. गायकाचा आवाज फोनवरून आल्यासारखा वाटतो, कारण तो फोनवरूनच आलाय. गायक एच.आर. तेव्हा तुरुंगात होता आणि त्याने तिथल्या फोनवर गाऊन ते रेकॉर्ड केलं. बाकी बँड मागे पूर्ण ताकदीने वाजतोय, आणि वर तो पातळ, तारेतून आलेला आवाज. हेडफोनवर हे फार स्पष्ट कळतं.

५. आता मागे या : १९७६ ते १९७९

इथवर आलात की जुनं पंक ‘हलकं’ वाटायचं थांबतं, कारण पुढे त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलेलं असतं.

रमोन्सचा पहिला अल्बम (१९७६) : १४ गाणी, २९ मिनिटं, खर्च ६,४०० डॉलर. लिंकिंग रोडवर रमोन्सचा टी-शर्ट घातलेल्यांपैकी किती जणांनी हा ऐकलाय ते विचारू नका, उगाच वाद होतात. या अल्बममध्ये बास एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात आहे. लोकलमध्ये डावा कान मोकळा ठेवलात तर बास गायब, उजवा ठेवलात तर गिटार गायब आणि अल्बम अगदीच पांगळा. पण एकदा मुद्दाम फक्त उजवा इयरफोन लावून ऐका. जॉनी रमोनचा उजवा हात उघडा पडतो. सगळं डाउनस्ट्रोक, वर जाताना तार छेडायचीच नाही, आणि हा वेग गाणं संपेपर्यंत ढळत नाही. गिटार वाजवत असाल तर एक गाणं तसं वाजवून बघा, मनगट कोपरापर्यंत बोलायला लागतं. मेटॅलिकाच्या हेटफिल्डचा हात कुठल्या शाळेतला आहे ते मग सांगावं लागत नाही. मेटॅलिकाने २००३ च्या रमोन्स ट्रिब्यूटमध्ये ‘फिफ्टी थर्ड अँड थर्ड’ वाजवलंय, ते याच अल्बममधलं. मोटरहेडच्या लेमीने तर १९९१ मध्ये ‘आर.ए.एम.ओ.एन.ई.एस.’ नावाचं गाणंच लिहिलं.

सेक्स पिस्टल्सचा ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ (१९७७) भरभक्कम वाटतो, कारण स्टीव्ह जोन्सने गिटारचे थर एकावर एक चढवलेत आणि बासही बहुतेक त्यानेच वाजवलाय. बँडचा बासवाला म्हणून सिड व्हिशसचं पोस्टर लावण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

द डॅम्डचा ‘मशीन गन एटिकेट’ (१९७९) हा या पायरीवरचा दुर्लक्षित तुकडा. बासवर आहे आल्जी वॉर्ड, ज्याने पुढे टँक हा मेटल बँड काढला. ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेतला टँक ऐकलेला असेल तर हा अल्बम घरचाच वाटेल.

द स्टूजेसचा ‘रॉ पॉवर’ (१९७३) मागे जाता जाता घ्या. याची दोन मिक्स फिरतात : १९७३ चं मूळ, ज्यात बास आणि ड्रम दबलेत, आणि १९९७ चं, इगी पॉपने स्वतः केलेलं, ज्यात सगळं फाटेपर्यंत चढवलंय. ॲपवर कुठलं लागलंय ते आधी बघा. मेटलवाल्यांना दुसरं आवडतं.

आणि हो, आता ‘लंडन कॉलिंग’. ‘जिमी जॅझ’सकट.

६. शब्दांचे सापळे

डेड केनेडीजचा ‘फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स’ (१९८०) मुद्दाम इथे ठेवलाय. पहिलं गाणं ‘किल द पुअर’. गरिबांना मारा असं ते सांगत नाही, तसं ठरवणाऱ्या सरकारची टर उडवतं. गायक जेलो बियाफ्रा ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याच तोंडाने गातो. हे लक्षात न घेता स्टेटसला ओळ टाकलीत तर ऑफिसच्या ग्रुपवर स्पष्टीकरण देत बसाल.

उलटी बाजूही आहे. पंकच्या आडोशाने खरोखरचे वंशद्वेषी बँडही तयार झाले, आणि ॲपचं ‘याच्यासारखं आणखी’ तुम्हाला कधीकधी त्यांच्या दारात नेऊन सोडतं. नवीन बँड सापडला की शब्द आणि मुलाखती चाळा, मगच टी-शर्ट मागवा.

शब्द बदलले की काय होतं त्याचा नमुना स्लेयरच्या त्याच कव्हर अल्बमवर आहे. मायनर थ्रेटच्या ‘गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट’ या गाण्यातला शेवटचा शब्द त्यांनी बदलला आणि गाण्याचा रोख पार फिरला. मूळ गाणं लिहिणाऱ्या इयन मॅकायला ते अजिबात रुचलं नाही. दोन्ही शेजारी ठेवून ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा.

७. मुंबईत ऐकायचं तर

ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान २०१६ ला बंद झालं, त्यामुळे काळा घोड्याला जाऊन कॅसेट चाळायचे दिवस गेले. रेकॉर्ड बघायच्या तर माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब आहे. चोर बाजारात जुन्या रेकॉर्ड मिळतात, पण हार्डकोर मिळेल या आशेने जाऊ नका. परदेशातून मागवलीत तर रेकॉर्डच्या किमतीवर टपाल आणि कस्टम ड्यूटी धरूनच हिशोब करा.

इथले बँड मात्र सोडू नका. स्क्राइब हा मेटल आणि हार्डकोरच्या सीमेवरचा, आणि त्यांच्या ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) या नावांवरूनच विनोदाची जात कळते. द रायट पेडलर्स सरळसोट पंक, ‘सरकार्झम’ ऐका. द लाइटइयर्स एक्सप्लोडचा ‘द रिव्हेंज ऑफ कालिचरण’ जास्त सुरेल आहे, तो पायरी ५ नंतर.

गिगला गेलात तर पंकचा पिट (स्टेजसमोर धक्काबुक्की चालते ती जागा) मेटलच्या पिटपेक्षा लहान आणि जास्त दाटीवाटीचा असतो. चष्मा मित्राकडे द्या, बॅकपॅक भिंतीला ठेवा, पडलेल्याला आधी उचला. सेट वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ म्हणून बाहेर चहा मारत उभे राहिलात तर बँड गेलेला असतो. मर्चच्या टेबलावर यूपीआय चालतं, पण आत नेटवर्क मिळेलच असं नाही. टी-शर्टचे सुटे पैसे खिशात ठेवा.